दोन कुलपांचं कपाट

“ह्या कुलूप आमच्या घराचा. दुसऱ्या कोणी तेका हात लावूचो नाय,” चंद्रावती म्हणाली आणि जिन्यातल्या माणसांकडे पाठ करून लोखंडी कपाटासमोर बसली.

तिच्या हातात होडीच्या इंजिनाचा मोठा पाना होता. तो तिनं उचलला तशी मी ओरडले, “मारू नकोस! धक्का बसून आतली वायर निसटली, तर सगळं पुसलं जाईल.”

“मगे काय करू? दातांनी तोडू?”

मोंडकर मास्तर धावत खाली गेले आणि बर्फाच्या कारखान्यातून लोखंड कापायची करवत घेऊन आले. करवत त्यांनी चंद्रावतीच्या हातात दिली नाही, तिच्याजवळ जमिनीवर ठेवली. पहाटेच्या वाऱ्यानं वीज गेली होती. कारखान्याच्या जनरेटरच्या खोलीत पाणी शिरलं होतं. कपाटातलं यंत्र बॅटऱ्यांवर चाललं होतं आणि बॅटरीचा डबा मधूनमधून बारीक आवाजात कण्हत होता. तो आवाज जितक्या लवकर लवकर यायला लागेल, तितका वेळ कमी उरला असं समजायचं. माझा सहकारी हुपरीकर मांडीवर लॅपटॉप आणि हातात केबल घेऊन भिंतीला टेकून बसला होता. 

माझं कुलूप मी केव्हाच काढलं होतं. दुसऱ्या कुलपाची किल्ली समुद्रात होती. चंद्रावतीच्या नवऱ्याच्या, गंगाराम तांडेलाच्या करगोट्याला बांधलेली. आणि गंगारामची होडी आली नव्हती.

बंदरातल्या बाकी सगळ्या होड्या आदल्या संध्याकाळी, वारा फिरलेला बघून परतल्या होत्या. तटरक्षक दलाला कळवून झालं होतं. त्यांनी विचारलं, शोधायचं कुठे? ते कोणालाच सांगता येईना. त्या प्रश्नाचं उत्तर, असलं तर, या कपाटात होतं.

जिन्यातून कुणीतरी म्हणालं, “बटन दाबल्यान आसता तर घंटा वाजली नसती काय?”

“दाबूचो नाय तो,” दुसरा म्हणाला. “मासळेचो जागो दिसात म्हणान. बुडात, पण दाबूचो नाय.”

चंद्रावतीची करवत थांबली. मागे न बघता ती म्हणाली, “माझ्या घोवाबद्दल बोलूचा आसात, तर हंय येवन तोंडार बोला.” मग करवत पुन्हा चालू झाली.

जिन्याच्या तोंडाशी तिचा दीर, भिवा, उभा होता. त्याच्या कपड्यांतून पाणी निथळत होतं. बाहेर पाऊस होता, त्यामुळे त्यात कोणाला काही वेगळं वाटलं नाही.

मी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. आता पंचाहत्तरीला टेकले आहे आणि सकाळी चष्मा कुठे ठेवला ते दुपारी आठवत नाही, पण त्या करवतीचा आवाज मला आजही हवा तेव्हा ऐकू येतो.

ते यंत्र आमच्या पुण्याच्या संस्थेनं वेळणे बंदराच्या मच्छीमार सोसायटीसाठी बसवलं होतं. प्रत्येक होडीवर एक लहान पेटी. पेटी आपण कुठे आहोत हे डोंगरावरच्या मनोऱ्यामार्फत यंत्राला सतत कळवत राहायची. पण पडद्यावर काही उमटायचं नाही. होडीवरच्या माणसानं पेटीचं लाल बटण दाबलं, तरच त्याची होडी नकाशावर लाल ठिपका होऊन दिसायची आणि घंटा वाजायची. ही अट मच्छीमारांची होती. मासळी पाण्याखालच्या कुठल्या खडपावर, म्हणजे खडकावर, लागते हे तांडेल, होडीचा म्होरक्या, बायकोलासुद्धा सांगत नाही, सोसायटीला कुठून सांगणार? म्हणून होड्यांच्या जागा फक्त यंत्राच्या मेमरीत राहतील, डिस्कवर किंवा कागदावर कुठेही उतरणार नाहीत, असा प्रोग्राम मी लिहिला होता. तसा शब्द मी भर सभेत दिला होता. मोंडकर मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, यंत्रासमोर बसायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांना मी एवढंच शिकवलं होतं की पडदा कोरा असला म्हणजे दर्यावर सगळे सुखरूप.

यंत्र एका बाबतीत मात्र खोडकर निघालं. ते अधूनमधून पडायचं. पडलं की मिनिटभरात आपोआप उठून पुन्हा कामाला लागायचं, पण का पडलं ते कळायचं नाही, कारण उठताना ते मागचं सगळं विसरून उठायचं. पावसाळ्यानंतर हा त्रास फार वाढला. मी आणि हुपरीकर येऊन राहिलो, खूप शोधलं, काही सापडेना. शेवटी हुपरीकरनं सोसायटीच्या सभेत उपाय मांडला.

“याच्या गाभ्यात एक सोय आहे,” तो म्हणाला. “आम्ही तिला कर्नलचं डीबगिंग, म्हणजे गाभ्यातला दोष शोधणं, म्हणतो. यंत्र सुरू होतानाच त्याला सांगून ठेवायचं, की पाठीमागच्या या भोकात जो कोणी केबल लावील, त्याचं सगळं ऐक. मग ते पडलं की उठत नाही. पडल्या जागी थांबतं. आम्ही केबल लावून त्याच्या डोक्यात काय काय आहे ते वाचू शकतो.”

“सगळा?” गंगारामनं विचारलं. गंगाराम तारी म्हणजे बंदरावरचा सगळ्यात जुना तांडेल. “कोणाची होडी खंय, ता पण?”

“ते पण.”

“आणि पासवर्ड का काय म्हणतात तो?”

“तो लागत नाही. केबल हाच पासवर्ड.”

“म्हणजे पुढच्या दाराक कुलूप आणि मागच्या दाराक कडी पण नाय!” गंगाराम म्हणाला आणि सभा एकदम बोलायला लागली. गरज पडेल तेव्हाच ती सोय चालू करा, असं एकानं सुचवलं. हुपरीकरनं मान हलवली. “चालत्या यंत्राला सांगून उपयोग नाही. सुरू होतानाच सांगावं लागतं.”

मागून एका बाईनं विचारलं, “थांबला तर तेवढ्या वेळात काय?”

“तेवढ्या वेळात ते काहीच करणार नाही,” मी म्हटलं. “मास्तर मला हाक मारतील, मी इथेच आहे, वाचून झालं की लगेच पुन्हा सुरू करू.”

“बरा,” ती बाई म्हणाली. तेवढ्यावर ते थांबलं. बाकी सगळा वेळ लोक जागेवरून भांडत राहिले. कोण केबल आणील, पलीकडच्या बंदरातले ट्रॉलरवाले किती पैसे मोजतील, मास्तर जेवायला गेले की काय होईल.

तोडगा शेवटी गंगारामनंच काढला. सातेरीच्या देवळातल्या फंडपेटीला दोन कुलपं असतात आणि दोन किल्ल्या एकमेकांशी न पटणाऱ्या दोन घरांत असतात. दोघं हजर असल्याशिवाय पेटी उघडत नाही. कुलूप मोडायचं झालं तर ते ज्या घराचं, त्याच घरानं मोडायचं. यंत्र तशाच कपाटात ठेवा, पडदा आणि कळफलक तेवढे बाहेर, तो म्हणाला.

“एक किल्ली ह्या पुण्याच्या बायकडे. बाय मासे खाणा नाय. आमच्या जाग्याचा ती काय करतली, भाजी?”

सगळे हसले. मीही हसले.

“आणि दुसरी?” अध्यक्षांनी विचारलं.

“दुसरी माझ्याकडे. माझो कोणार इश्वास नाय म्हणान.”

हे बोलताना तो भिवाकडे बघत होता. भिवा सगळ्यात मागे, दाराला टेकून उभा होता. दोघे सख्खे भाऊ. बापानं मरताना आपली खडपावरची जागा थोरल्याला दिली आणि तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. भिवानं पुढे मोठी होडी घेतली, दुप्पट ताकदीचं इंजिन घेतलं, आणि गंगाराम लोकांना सांगत राहिला की हा माझ्या मागावर आहे.

सभा संपल्यावर गंगाराम माझ्याकडे आला आणि किल्ली करगोट्याला बांधता बांधता म्हणाला, “बाय, तुझी खंय बांधतलंस?”

“पर्समध्ये ठेवीन.”

“पर्स चोरतत. करगोटो कोण चोरणा नाय,” असं म्हणून तो हसत निघून गेला.

कुलपाची कडी शेवटी तुटली. चंद्रावतीच्या बोटांना रक्त आलं होतं, ते तिनं पदराला पुसलं. दार मी उघडलं. बाहेर मास्तरांच्या टेबलावरचा पडदा नेहमीसारखा कोरा होता, फक्त नकाशा आणि कोपऱ्यातलं घड्याळ. ते घड्याळ पहाटेच्या एका वेळेवर थांबलं होतं. मास्तर आदल्या रात्रीपासून तिथेच बसून होते. एकदाही डोळा लागला नव्हता त्यांचा. पण वेळ बघायची ती भिंतीवरच्या घड्याळात, आणि पडदा कोरा म्हणजे सगळे सुखरूप. सकाळी चंद्रावती “अजून येवक नाय” म्हणून विचारायला आली, तेव्हा त्यांनी कळफलकाला हात लावला आणि यंत्र मेल्यासारखं गप्प होतं.

हुपरीकरनं केबल लावली. जिन्यातली माणसं पुढे सरकली.

“सगळे खाली जा,” मी म्हटलं. “इथे सगळ्यांच्या जागा दिसणार आहेत.”

खरं तर दिसत होते ते आकडे आणि अक्षरं, ओळीच्या ओळी, आम्हा दोघांशिवाय कोणाला न कळणाऱ्या. पण माणसं मुकाट्यानं खाली उतरली. फक्त भिवा हलला नाही. चंद्रावतीनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला राहू दिलं, म्हणून मीही राहू दिलं.

होडी कुठे आहे एवढंच नव्हे, ती कुठल्या दिशेला सरकते आहे हेही बटण दाबल्यावर कळावं, म्हणून प्रत्येक होडीच्या शेवटच्या काही जागा मी मेमरीत ठेवत असे. त्या कुठे ठेवल्या ते मला ठाऊक होतं, पण यंत्र जिथे अडखळून पडलं होतं तिथला भाग विस्कटला होता. एकेका होडीच्या क्रमांकावरून शोधत जावं लागलं. बंदरातल्या प्रत्येक घराचं गुपित माझ्या डोळ्यांखालून जात होतं आणि मी ते वाचून टाकून देत होते. बॅटरीचा डबा आता भरभर कण्हत होता.

“मॅडम, वेळ संपतोय,” हुपरीकर म्हणाला.

“दिसतंय मला.”

“मी नुसतं सांगितलं.”

“सांगू नकोस. खाली जा. अजून खालच्या ओळीवर.”

आणि गंगारामचा क्रमांक आला. त्याच्या पुढे जागा होत्या, एकाखाली एक. हुपरीकरनं त्यांचे अक्षांश-रेखांश केले. मी पहिली जागा वाचली आणि भिंतीवरच्या नकाशावर पेन्सिलीनं खूण केली. बंदरापासून समुद्रात बरीच आत, एका बुडालेल्या खडपावर.

भिवा नकाशाजवळ आला. खुणेकडे एकदाच बघून म्हणाला, “थंय नाय तो.”

“तुका काय म्हायत?” चंद्रावती म्हणाली.

“थंय मी जावन इलंय. पहाटे.”

चंद्रावती उठून नकाशापाशी आली.

“तुका जागो ठावक होतो?”

“बापाशीन दोघांकव दाखयल्यान होतो. मी तेव्हा दहा वर्सांचो.” तो नकाशाकडेच बघत होता. “दादाक वाटा, त्याका एकट्याकच ठावक. वाटांदे म्हटलंय.”

“आणि कदी जाळा घातलंस थंय?”

“थंय? ता दादाचा,” भिवा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “बाय, फुडचे आकडे सांग. बिगी बिगी.”

मी पुढच्या जागा वाचल्या, तो पेन्सिलीनं खुणा करत गेला. त्या खुणांची रेघ खडपापासून दक्षिणेकडे वाकत गेली, आधी जवळजवळ, मग दूरदूर. शेवटच्या खुणेवर त्यानं बोट ठेवलं. “इंजिन बंद पडला हयसर. फुडे नुसतो व्हावत गेलो.” शेवटच्या खुणेच्याही पुढे, वारा आणि भरती मनात धरून, त्यानं नखानं एक लहान रेघ ओढली.

तो जिना उतरत असतानाच बॅटरी संपली. पडदा काळा झाला.

दुपार आम्ही धक्क्यावर काढली. अख्खं बंदर तिथे होतं. मास्तर एकटेच वर, त्या काळ्या पडद्यासमोर बसून राहिले. बोलावलं तरी आले नाहीत. एका घरातून चहा आला, तो तसाच निवला. चंद्रावतीनं बोटांना चिंधी गुंडाळली होती. मी तिच्या शेजारी बसले होते आणि माझी किल्ली माझ्या मुठीत होती. एकदा ती म्हणाली, “तेणा मटल्यान होता, मी नसताना कपाट उघडलास तर ता उघडाच समजायचा. परत बंद होणा नाय.” मग चिंधीची गाठ आवळत म्हणाली, “रागावतलो.”

“रागावू दे,” मी म्हटलं.

“व्हय. येवन रागवांदे.”

संध्याकाळी भिवाची होडी दिसली. ती इतकी सावकाश येत होती की धक्क्यावरच्या बायकांनी आधीच तोंडाला पदर लावले. गंगारामच्या होडीवर तो धरून चौघे होते. भिवानं तिघांना आणलं. दोघांना चालता येत नव्हतं, त्यांना उचलून नेलं. तिसरा रुजाय, वाडीतल्या ख्रिस्ती घरातला, गंगारामकडे वर्षानुवर्षं कामाला. तो आपल्या पायांनी उतरला आणि थेट चंद्रावतीच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. थंडीनं त्याचे दात वाजत होते.

“वैनी, होडी बुडाक लागली तशी आमका जाळ्याच्या बोयांका बांधल्यानी. तिघांका. आपल्याक बांधूक दोरीच उरली नाय. पेटी हातात धरून बटन दाबीत ऱ्हवले.”

चंद्रावती त्याच्याकडे बघत राहिली. “दाबल्यान?”

“दाबल्यानी म्हणजे? सारके. मी म्हटलंय, तांडेलानू, आपलो जागो दिसात. तर माका म्हणाले, जागो चुलीत गेलो, तुमी मरश्यात. पेटयेचो दिवो विझापर्यंत दाबीत होते. म्हणा होते, मास्तर आसा थंय. मास्तर झोपणा नाय. आयकात.” तो माझ्याकडे वळला. “बाय, तुमका घंटा आयकाक नाय येवक?”

सकाळी जिन्यात बोलणारी माणसं तिथेच उभी होती. एकानं डोक्यावरची टोपी काढली.

मी अंगावरची शाल काढून रुजायच्या खांद्यांवर टाकली.  हुपरीकर माझ्यामागे उभा होता. तो हळूच म्हणाला, “ती सोय नसती, तर पहाटे ते आपोआप उठलं असतं.” मी म्हटलं, “हो.” तो म्हणाला, “मग हा माग पुसला गेला असता.” मी पुन्हा म्हटलं, “हो.” त्यानंतर आम्ही दोघे त्या विषयावर कधी बोललो नाही, तो निवृत्त होईपर्यंत.

भिवा दुसऱ्या दिवशी गेला, तिसऱ्या दिवशी गेला. समुद्र शांत झाल्यावरही जात राहिला. गंगाराम सापडला नाही.

वीज आली तेव्हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. यंत्र सुरू करायचं, पण कसं? बॅटरी संपायच्या आत हुपरीकरनं जेवढं वाचून घेतलं होतं, त्यावरून तो दोषाच्या अगदी जवळ पोचला होता. “आणखी एकदा तसंच थांबलं, तर नक्की सापडेल,” तो म्हणाला, आणि ते खरं होतं. सोसायटीच्या माणसांनी या वेळी जागेचं नाव काढलं नाही. चंद्रावतीला विचारा, एवढंच म्हणाले.

ती वर आली. कपाट उघडंच होतं, तुटलेलं कुलूप कोणी उचललं नव्हतं. ती मास्तरांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. “बाय, माका परत सांग. दोन्ही सांग.”

मी सांगितलं. ती सोय चालू ठेवली तर यंत्र पडल्या जागी थांबेल. शेवटपर्यंतचं सगळं त्याच्यात राहील, आपण वाचू शकू, केबल ज्याच्या हातात असेल तो कोणीही वाचू शकेल. आणि थांबलं असेल तोवर ते बहिरं असेल. बंद ठेवली तर ते पडेल, सगळं विसरेल, आणि मिनिटभरात उठून पुन्हा ऐकायला लागेल.

“दोन्ही मिळूचा नाय?”

“नाही.”

तिनं चिंधी गुंडाळलेला हात मांडीवर ठेवला. “ता थांबला म्हणान हे तिघे गावले.”

“हो.”

“आणि थांबला म्हणान तेची हाक कोणाक आयकाक येवक नाय.”

“हो.”

मास्तर खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्यांचे खांदे हलत होते.

“बंद कर,” चंद्रावती म्हणाली. “इसारला तर इसारांदे. आयकाक व्हया.”

मी सोय बंद केली आणि यंत्र सुरू केलं. नकाशा आला, पडदा कोरा झाला, कोपऱ्यातलं घड्याळ चालू लागलं. मास्तरांनी आपली खुर्ची अशी वळवली की डोळ्यासमोर तेच घड्याळ येईल. मला वाटलं चंद्रावती आता उठेल. ती उठली नाही. खिडकीतून तिनं खाली हाक मारली, “भिवा! तुझी पेटी आसा मां? बटन दाब.”

“धक्क्यार आसंय गो मी!” खालून आवाज आला. “हयसर कित्याक?”

“दाब सांगतंय तुका!”

क्षणभर काही झालं नाही. मग घंटा वाजली. त्या लहान खोलीत ती फार मोठ्यानं वाजली, आणि नकाशावर, अगदी किनाऱ्याला चिकटून, लाल ठिपका उमटला. घंटा बंद करायला मास्तरांनी हात पुढे केला, तो चंद्रावतीनं धरला.

“ऱ्हवांदे,” ती म्हणाली. “जरा वाजांदे.”